मेटॅडोर अजून पाण्याच्या कडेला

सोलापूर, ८ जून

दादा,

‘प्रिय’ लिहायला हात धजत नाही, म्हणून नुसतंच दादा. हे पाकीट न फोडता खिशात कोंबू नकोस, एवढी कृपा कर.

फोनवर तू मला ब्लॉक केलंयस. बरं केलंस. मागच्या शनिवारी मी चिंचोळीला तुझ्या कारखान्याच्या गेटवर येऊन उभी राहिले, तर तू मागच्या गेटनं निघून गेलास. वॉचमन मल्लिकार्जुनमामांनी मला खुर्ची दिली, चहा पाजला, आणि शेवटी जमिनीकडं बघत म्हणाले, “साहेब मगाशीच गेले, ताई.” लाज मला वाटली. तुला वाटली का? तर आता पत्रं. मामांच्या हातात देईन, ते तुझ्या हातात देतील. पुढं तू जाणे आणि तुझं काळीज जाणे.

गोष्ट अण्णांची आहे. एप्रिल संपता संपता ते मेटॅडोर घेऊन उजनीला गेले. दर उन्हाळ्यात जातात. तुला कुठून माहीत असणार, चार वर्षं तू घराचा उंबरा ओलांडला नाहीस. करमाळ्याच्या बाजूचं ते टेकाड आठवतं ना, पाणी हटलं की उघडं पडतं ते? जिथनं आई बोट दाखवून सांगायची, “तितं खाली माझं म्हायेर हाय, माशांनी संसार मांडलाय त्यात.” तिथंच. दरवर्षी आठ-पंधरा दिवस मुक्काम करून परत येतात. यंदा आले नाहीत. फोन बंद ठेवतात, चार्जिंग वाचवायला. डिझेलचा थेंब वाचवणारा माणूस बॅटरी सोडेल होय!

काल ज्ञानूचा फोन आला. ज्ञानू म्हणजे तिथला मासेवाला, आपल्याला चिलापी आणून द्यायचा तो. म्हणाला, “ताई, वळवाचा पाऊस लई झाला. गाडी रुतलीया. पुण्याकडली धरणं भरून पाणी सोडलं की हितलं पाणी म्होरनं न्हाय वाढत, मागनं येतं. मागचा ओढा आधी भरतो. मग म्हातारा बेटावर. त्याच्या आत न्या त्यास्नी.”

मी म्हटलं, ट्रॅक्टर लाव आणि ओढून काढ. तर म्हणे अण्णा हात लावू देत नाहीत. म्हणतात, “अभ्या यील, अभ्या काढील गाडी. न्हाईतर मी हितंच बरा हाय.”

झालं. एवढंच काम आहे. त्यांच्याशी बोलू नकोस, त्यांच्याकडं बघूही नकोस. ये, गाडी वर काढ, आणि जा परत तुझ्या मशिनी दुरुस्त करायला. मी वाट बघते.

ऋतुजा


सोलापूर, २२ जून

दादा,

आला नाहीस. मामा म्हणाले, पत्र घेतलंस आणि वरच्या खिशात ठेवलंस. वरच्या खिशात म्हणजे काय समजायचं मी?

रविवारी मी एकटी जाऊन आले. जेऊरपर्यंत रेल्वे, पुढं जीप, आणि शेवटचं अंतर काळ्या चिखलातून, चपला हातात घेऊन. मी पोरांना भूगोल शिकवते, काळी माती ओली झाली की काय होतं ते फळ्यावर लिहून देते. परवा पिंडऱ्यांपर्यंत शिकले.

गाडी तशीच आहे. तू मारलेला निळा रंग, आईच्या जुन्या चादरीचे पडदे, मागं दोन बाकडी. उजवीकडची दोन्ही चाकं निम्मी जमिनीत. अण्णा दारातल्या पायरीवर बसले होते, पँट गुडघ्यापर्यंत दुमडलेली. मला बघून काय म्हणाले असतील? “ये. बस. सोलापुरातनं हितवर सतरानं आली गाडी. सतरा, ऋते! उलट्या वाऱ्याला! लोकांच्या असल्या गाड्या अकरा-बारा देत्यात आन् वर धूर वकत्यात.”

मी रडायच्या बेतात आणि हा माणूस मला अ‍ॅव्हरेज सांगतोय! मग स्टोव्ह पेटवून चहा केला. तेवढ्यात मला सगळं परत ऐकवलं. चप्पल काढून अनवाणी अंगठ्यानं अ‍ॅक्सिलेटर दाबायचा, म्हणजे पायाला डिझेल ‘कळतं’. चाळीसच्या वर जायचं नाही. उतार आला की इंजिन बंद. टपावर काही ठेवायचं नाही, वारा अडतो. सामान कमी. आई निघताना म्हणायची ना, “मी बी जडच हाय की, मलाबी उतरवा मोहोळला, येताना घ्या,” तेही त्यांनीच सांगितलं, आणि सांगून हसले.

आता नीट ऐक. त्यांच्या डाव्या पायाला जखम आहे. शिंपला लागला म्हणाले. शुगर असलेला माणूस, दिवसभर अनवाणी चिखलात. मी बघायला गेले तर पाय बाकड्याखाली ओढून घेतला. वास येतोय दादा त्या जखमेला.

ज्ञानूनं मला मागचा ओढा दाखवला. मेमध्ये त्यातनं बैलगाडी जायची. आता घोटाभर पाणी आहे. मी अण्णांना म्हटलं, गाडी राहू दे, तुम्ही चला, ज्ञानू होडीतनं सोडतो. तर म्हणाले, “गाडी सोडून? आन् पोरगं आलं तर कुणाला भेटंल?” ट्रॅक्टरचं काढलं तर डोळे वटारले. “ती सोताच्या इंजिनावर आली, सोताच्या इंजिनावर जाईल. अभ्यानं काढली तर निघतो. हे मी तुला शेवटचं सांगतो.”

मी तहसील कचेरीतही गेले. तिथले एक साहेब बिचारे माझ्याबरोबर आले. अण्णांनी त्यांना चहा पाजला, एसटीतल्या नोकरीच्या गोष्टी सांगितल्या, गाडीचे कागद दाखवले. साहेब जाताना मला म्हणतात, “आजोबा एकदम ठणठणीत आहेत. समजावा त्यांना.” मी काय करू, कपाळ बडवून घेऊ?

ये रे बाबा. पाया पडते.

ऋतुजा


सोलापूर, ३ जुलै

अभिमन्यू,

आज दादा नाही. आज मी चिडलेय.

तुझी बाजू मला तोंडपाठ आहे. आईच्या छातीत त्या टेकाडावर दुखायला लागलं. अण्णांनी तिला गाडीत घातलं आणि सोलापूरला आणलं, त्यांच्या त्या चाळीसच्या वेगानं. दवाखान्यात तो तरुण डॉक्टर बोलून गेला, “थोडं आधी आणलं असतं तर.” बोलून गेला आणि पुढच्या पेशंटकडं वळला. तू कामावरून धावत आला होतास, अंगावर ऑइलचे कपडे. सगळ्या लोकांसमोर तू अण्णांना म्हणालास, “डिझेल वाचवलंत आणि बायको घालवलीत.”

ते भिंतीला टेकून उभे होते. तू तिला खांदा दिलास, दहाव्याला घाटावर आलास, आणि बॅग घेऊन गेलास ते गेलास.

त्या दिवशी गाडीत कोण होतं, अभिमन्यू? तू होतास? मी होते. मागच्या बाकड्यावर, आईचं डोकं माझ्या मांडीवर. मी जे बघितलं ते तू बघितलेलं नाहीस. आणि मला ते सांगता येत नाही. अण्णांनी माझ्याकडनं शब्द घेतलाय, आईच्या फोटोवर हात ठेवायला लावून. म्हणून दिवाळीपासून मी तोंड शिवून बसलेय. शाळेत शिकवताना मध्येच थांबते, तर पोरं म्हणतात मॅडमला बरं नाही.

काल ज्ञानूचा फोन होता. ओढ्याला मांडीएवढं पाणी. पुण्याकडं जोर धरलाय पावसानं. अण्णांना ताप येऊन गेला. त्यातही ते ड्रायव्हरच्या सीटवर जाऊन बसतात म्हणे, वाटेकडं तोंड करून. ज्ञानू म्हणाला, “ताई, म्हातारं वाट बगतंय का मरान बगतंय, मला कळंना झालंय.” मला कळतंय. दोन्ही. तू आलास तर निघायचं, नाही आलास तर तिथंच तिच्यापाशी राहायचं. त्यांनी हिशेब करून टाकलाय, आणि तू त्या हिशेबात आहेस ह्याची तुला खबरसुद्धा नाही.

मी तुझ्याकडं आजवर काही मागितलं नाही. आई गेली तेव्हा मला तुझ्या गळ्यात पडून रडायचं होतं, तेसुद्धा तू मिळू दिलं नाहीस. आता मागते. माझा बाप मला परत आणून दे.

ऋतुजा


सोलापूर, ११ जुलै

दादा,

मी शब्द मोडतेय. आईच्या फोटोची माफी मागून लिहायला बसलेय, अक्षर लावून घे.

ओढा कमरेच्या वर गेला. टेकाड तुटलं. ज्ञानू आता होडीनंच जातो-येतो, भाकरी देतो. गाडीच्या पुढच्या चाकांपासून पाणी चार पावलांवर. खालून पाणी सोडायचं की नाही ते वरच्यांच्या हातात, आणि वरून पाणी यायचं ते आभाळाच्या. मी परवा गेले होते. पाया पडले, शिव्या दिल्या, होडीत चढून बसले आणि म्हटलं तुम्ही आला नाहीत तर मीही हलत नाही. त्यांनी ज्ञानूला खूण केली आणि ज्ञानूनं होडी ढकलली. मी ओरडत राहिले. ते हात हलवत राहिले, जशी मी शाळेच्या सहलीला निघालेय.

तर ऐक. त्या दिवशी आई कण्हत होती आणि मी सारखी पुढं बघत होते, अजून किती लांब, अजून किती लांब. मला अण्णांचा पाय दिसत होता. चप्पल काढायला त्यांना वेळ मिळाला नव्हता. चपलेसकट पाय पार तळाला टेकलेला होता. दादा, त्यांनी अ‍ॅक्सिलेटर जमिनीला चिकटवला होता. ते स्टिअरिंगवर पुढं झुकून गाडीला हाका मारत होते, “चल गं, चल माझे आई, चल.” आणि गाडी पळत नव्हती. चढाला तर बैलासारखी चालत होती. मला वाटलं, गाडी म्हातारी झाली. त्या वेळी मला तेवढंच कळलं.

मागच्या दिवाळीत गाडी आपल्या गल्लीचा चढसुद्धा चढेना, तेव्हा मी रुद्रप्पा मेकॅनिकला बोलावलं. त्यानं इंजिनाच्या डिझेल पंपाला हात लावायच्या आत अण्णा धावून गेले. आयुष्यात कुणाला अरे-तुरे न करणारा माणूस, पण त्यांनी रुद्रप्पाला हाताला धरून बाहेर काढलं. मग मी त्यांना खोलीत कोंडून विचारलं, आणि त्यांनी सांगितलं.

आई जायच्या आठवड्याभर आधी तू डिझेल पंपाचा स्क्रू आवळला होतास. त्यांच्या वाढदिवसासाठी. गाडी लिटरला चौदाच्या वर जात नव्हती, आणि तुला त्यांना सतरा द्यायची होती, न सांगता. डिझेल कमी केलंस, अ‍ॅव्हरेज आलं आणि ताकद गेली. एरवी चाळीसच्या वर न जाणाऱ्या माणसाला त्यानं फरक पडलाच नसता. त्या एकाच दिवशी पडला.

मोहोळ येईस्तोवर त्यांना कळलं होतं. चाळीस वर्षं एसटीच्या वर्कशॉपमध्ये घालवलेला माणूस तो. गाडीचा गळा कुणीतरी आवळलाय आणि तो कुणी, हे त्यांना आई जिवंत असतानाच कळलं होतं. तरी दवाखान्यात तू ओरडलास आणि ते भिंतीला टेकून उभे राहिले.

मी म्हटलं, अण्णा, का नाही बोललात? म्हणाले, “काय बोलू? की तुज्या हातानं तुजी आई गेली? माजं वय झालंय, मला शिव्या पचत्यात. त्याला अजून समदं आयुष्य काडायचंय.” मी म्हटलं, निदान स्क्रू तरी मोकळा करा. म्हणाले, “पोरानं हौसेनं केलंय. ऱ्हाऊ दे.”

म्हणून गाडी रुतलीय. म्हणून ती वर चढत नाही. आणि म्हणून ते कुणाला हात लावू देत नाहीत.

हे कळल्यावर तुझं काय होईल ते मला माहीत आहे. तुला मी लहानपणापासून ओळखते, मांजराचं पिल्लू चाकाखाली आलं तर तू चार दिवस जेवला नव्हतास. मी तुला हे आयुष्यभर कळू दिलं नसतं. पण मला दोघांतला एकच वाचवता येत होता, आणि पाणी ज्याच्या पायाशी आहे त्याला मी धरलं. तू मला शिव्या दे, तोंड बघू नकोस, काहीही कर. पण आधी जा. आजच जा.

ऋतू


उजनीच्या कडेला, १४ जुलै, दुपार

ऋतू,

आम्ही दोघं बाहेर आहोत. गाडीपण, ओढ्याच्या पार वरच्या अंगानं, जिथं पाणी अजून गुडघ्याएवढंच होतं, स्वतःच्या इंजिनावर निघाली. हे आधी लिहितो, म्हणजे पुढचं तुला वाचता येईल.

अण्णा मागच्या बाकड्यावर झोपलेत. पाय धुऊन बांधलाय, इथल्या डॉक्टरला दाखवला, सुई दिलीय. उद्या सोलापुरात मोठ्या दवाखान्यात नेऊ. बोटाचं काही खरं नाही म्हणाले, पाय वाचेल. फोन केला तर ते ऐकतील, म्हणून लिहितोय. ज्ञानू मासळी घेऊन सोलापूरला निघालाय, त्याच्याकडं देतो.

तुझी चारही पत्रं मी वाचली होती. पहिलं पत्र आलं त्याच दिवशी वाचलं.

पंपाचं मला माहीत होतं, ऋतू. दवाखान्यात मी अण्णांवर ओरडत होतो ना, ओरडता ओरडताच आठवलं. अर्ध्या वाक्यात. पण तोंड थांबलं नाही. थांबलं असतं तर लोकांनी विचारलं असतं, का थांबलास. म्हणून पूर्ण बोललो. त्यानंतर त्यांच्यासमोर उभं राहायची माझ्यात ताकदच उरली नाही. तुझा फोन ब्लॉक केला, कारण तू हॅलो म्हटलंस की आई म्हटल्यासारखं वाटतं. मला वाटायचं, त्यांना कळलेलं नाही. ते स्वतःला दोष देत बसलेत आणि मी त्यांना बसू देतोय. हे घेऊन मी चार वर्षं कामावर जात होतो. तू लिहिलंस की त्यांना मोहोळलाच कळलं होतं, तेव्हा मी मशीन चालू सोडून निघालो. मामांनी मागनं हाक मारली, त्यांनाही उत्तर दिलं नाही.

होडीतनं उतरलो तेव्हा पुढची चाकं पाण्यात होती. अण्णा ड्रायव्हरच्या सीटवर. मला बघितलं आणि बाजूच्या सीटवर सरकले. एवढंच. जसा मी कोपऱ्यावर विडी आणायला गेलो होतो.

मी दोन सीटच्या मधलं इंजिनाचं झाकण उघडलं. पंपाकडं हात नेला आणि तोंडातनं शब्द निघायच्या आत त्यांनी दहाचा पाना माझ्यापुढं धरला. मी मागितला नव्हता. कुठला लागणार ते त्यांना ठाऊक होतं.

मी म्हणालो, “अण्णा, हा मी आवळला होता.”

ते बाहेर पाण्याकडं बघत म्हणाले, “कशाला आवळशील? गाडीला पिकअप व्हता की चांगला. मीच चाळीसनं चालवली.”

मी म्हणालो, “अण्णा, तुमचा पाय तळाला होता. मला माहीत आहे.”

“कुणी सांगितलं? ऋतीनं?”

मी म्हणालो, नाही. तुझं नाव नाही घेतलं मी. आम्ही घरी आल्यावर तूही हा विषय काढू नकोस.

मग मी रडायला लागलो. त्या पाण्यात, हातात पाना घेऊन, चाळिशीला आलेला माणूस. म्हणालो, आई माझ्यामुळं गेली, मला मारा, शिव्या द्या, काहीतरी बोला. ज्ञानू होडीत उभा राहून आभाळाकडं बघत होता. पाणी दाराच्या पायरीला लागलं होतं आणि अण्णा हलायला तयार नव्हते. मी स्क्रू मोकळा केला, ते नीट बघत होते, किती आटे फिरवले तेसुद्धा. आणि तरी म्हणत होते, “गाडी कोण चालवत व्हतं? तू का मी? मी डिझेल वाचवत व्हतो. तू तवा जे बोललास ते खरं व्हतं. म्हण परत.”

मी म्हणेना. मी किल्लीला हात घातला तर त्यांनी तो बाजूला सारला आणि हाताची घडी घातली. ज्ञानू ओरडला, “आरं, बोला काय बोलायचं ते, पानी चडतंय!”

ऋतू, मी म्हणालो. त्यांच्या तोंडाकडं बघून म्हणालो, “व्हय अण्णा. तुमीच चाळीसनं चालवली. तुमच्यामुळं गेली आई.”

त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला, पाण्याचा, चिखलाचा.

“हां,” ते म्हणाले. “मार आता स्टार्टर.”

अभ्या